संगतीचा गुण आणि काचेची नळी

सणाचे लाडू वळावयाचे असतील, तर पाक एकतारी झाला की दोनतारी, हे गृहिणी अंगठा व तर्जनी यांमध्ये तार ओढून ठरविते. वाहताना द्रव किती विरोध करतो, याचेच हे घरगुती मोजमाप होय. शास्त्रात या विरोधाला श्यानता म्हणतात.

१९१९ साली सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्यास नेले. अशा संस्थांमुळे शेतकऱ्यांची मुलेही प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली. तेथे श्यानता मोजावयास फारसे भांडवल लागत नाही. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची काचेची नळी, स्टॉपवॉच, घनता काढण्याची बाटली आणि स्थिर तापमानाचे पाणी एवढे पुरते. द्रव वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरण्यास किती सेकंद लागतात, ते मोजावयाचे. तापमान एका अंशाने जरी चुकले, तरी पाण्याची श्यानता सुमारे दोन टक्क्यांनी बदलते. म्हणून येथे खरे भांडवल धीराचे आहे.

पाण्यात क्षार विरघळला की त्याचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. लिथियमचा आयन लहान असल्याने तो भोवतीचे पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो आणि द्रावण दाट होते. पोटॅशियम आयोडाइडचे आयन मोठे असतात. ते पाण्याच्या रेणूंची आपापसांतील बांधणी सैल करतात, त्यामुळे द्रावण पाण्याहूनही सहज वाहते. १९२९ साली जोन्स व डोल यांनी हा परिणाम एका समीकरणात मांडला. त्यातील ‘बी’ हा अंक धन की ऋण, यावरून आयनाचा स्वभाव कळतो.

परंतु हा स्वभाव कायमचा नसतो. पाण्याला पातळ करणारे तेच पोटॅशियम आयोडाइड मिथेनॉलमध्ये टाकले, तर द्रावण दाट होते. क्षार तोच, संगत बदलली.

दोन द्रावक एकत्र आले की हिशेब आणखी गुंततो. वीस अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता १.०० मिलिपास्कल-सेकंद आणि इथेनॉलची सुमारे १.२० असते. मिश्रणाची श्यानता या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असावी, असे वाटते. प्रत्यक्षात इथेनॉल वजनाने चाळीस टक्के असता ती २.८ च्या आसपास जाते. पन्नास मिलिलिटर पाणी व पन्नास मिलिलिटर इथेनॉल मिळून शंभरही भरत नाहीत. सुमारे शहाण्णव-सत्त्याण्णवच भरतात. दोहोंचे रेणू परस्परांशी हायड्रोजन बंधांनी जोडले जातात, एकमेकांच्या पोकळीत सामावतात. अशा मिश्रणात क्षार टाकला, तर प्रत्येक आयन आपल्याभोवती कोणता शेजारी जवळ करतो, हे नळीतील सेकंदांवरून ताडता येते.

विद्यार्थ्याची कसोटी येथेच लागते. अपेक्षित सरासरीपेक्षा वेगळे वाचन आले की ते ‘जुळवून’ लिहिण्याचा मोह होतो. खतावणीत फरक निघाला, तर तो झाकणारा कारकून चूक कायम करतो आणि शोधणारा ती सापडवितो. प्रयोगवहीत तर हा फरक अनेकदा चूक नसून निसर्गाचे उत्तर असते. ते खोडले, तर रेणूंचे परस्परनाते कोणालाही कळणार नाही.

या नात्यावर आज घरोघरीचा व्यवहार चालतो. मोबाइलच्या लिथियम बॅटरीत एथिलीन कार्बोनेट क्षाराला उत्तम विरघळविते. परंतु ते सुमारे छत्तीस अंशांखाली गोठते. डायमिथिल कार्बोनेट पातळ व प्रवाही आहे, मात्र आयनांना सुटे करण्यात दुबळे आहे. दोन्ही एकत्र केली की एकाचे उणे दुसरे भरून काढते, आणि लिथियमचे आयन सहज ये-जा करू शकतात. हे प्रमाण ठरविताना श्यानतेचेच आकडे लागतात. असे आकडे कोणीतरी नळीसमोर बसून, सेकंद मोजून, जसेच्या तसे वहीत लिहिलेले असतात.