बत्तिसांतला एक घास

चातुर्मास लागला की उंद्रीसारख्या गावात अन्नाविषयीचे बोलणे बदलते. चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या गावाच्या शिवारात त्या दिवसांत सोयाबीन गुडघाभर वाढलेले असते. जैन घरांतून कोणी एकासन धरले, कोणाचे आयंबिल चालू आहे, कोणाची अठ्ठाई निर्विघ्न पार पडली, याची विचारपूस होते. अलीकडे त्याच ओट्यावर, त्याच कौतुकाच्या सुरात आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे : ‘किती किलो उतरले?’

समजा, अशाच एका घरात तिशीची सून आहे. दिवाळीनंतर दिराचे लग्न आहे आणि वजनकाटा बहात्तरवर अडला आहे. मोबाइलवर आलेल्या तक्त्यात एकवीस दिवसांत दहा किलो उतरवण्याची हमी आहे. सकाळी मध घालून लिंबूपाणी सांगितलेले. मध वर्ज्य म्हणून ती नुसते लिंबूपाणी घेते. दुपारी काकडी आणि वाटीभर मुगाचे पाणी, सूर्यास्तापूर्वी एक सफरचंद. सारी बेरीज पाचशे कॅलरींच्या आतच राहते. सासूबाई काळजीने विचारतात, तेव्हा तिचे उत्तर तयार असते : ‘आई, अठ्ठाईत आठ दिवस नुसत्या पाण्यावर काढले होते. त्यापुढे हे काहीच नाही.’

उत्तर बिनतोड वाटते. ज्या समाजात उपवासाची सवय आणि प्रतिष्ठा दोन्ही आहेत, तेथे भुकेची भीती कमी असते, आणि म्हणूनच उपासमार ओळखायला उशीर होतो. या सुनेने तपातली भूक तेवढी उचलली. भुकेभोवती परंपरेने घातलेले कुंपण मात्र मागे ठेवले.

तपाचे कुंपण

हे कुंपण पाहण्यासारखे आहे. पच्चक्खाण घेताना व्रताची मुदत आधीच ठरते. व्रत गुरूंच्या साक्षीने घेतले जाते आणि घरातील वडीलधाऱ्यांची नजर त्यावर असते. त्या दिवसांत श्रम कमी करून स्वाध्याय, सामायिक, प्रतिक्रमण यांत वेळ घालवावा, अशी रीत आहे. शेवटी पारणे असते, तेही हलक्या आणि मोजक्या अन्नाने. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सोळा कारण भावनांमध्ये त्याग आणि तप हे दोन्ही ‘शक्तीनुसार’ सांगितले आहेत. शक्ती पाहणे हा तपाचाच भाग आहे. शक्तीबाहेर गेलेल्या देहदंडाला तेथे आदर्श मानलेले नाही.

वजन उतरवण्याच्या तक्त्यात यातले काय असते? मुदत एकवीस दिवसांची लिहिलेली असली, तरी काटा हवा तेथे आला नाही की ती आपोआप लांबते. साक्षीला कोणी नसते. उलट घरच्यांपासून लपवण्याकडे कल असतो. श्रम कमी होत नाहीत. पर्युषण संपते, सोयाबीनची सोंगणी येते, घरातले आणि शेतातले काम दुप्पट होते, आणि शरीर मात्र पाचशे कॅलरींवरच चाललेले असते.

महाराष्ट्रातील एका प्रसिद्ध उपवासाची येथे आठवण होते. १० फेब्रुवारी १९४३ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या महात्मा गांधींनी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. त्यांचे वय तेव्हा ७३ होते. धर्मविचारात श्रीमद् राजचंद्रांचे ऋण मानणाऱ्या गांधीजींनी हा उपवास आमरण नसून आपल्या शक्तीनुसार केलेला आहे, असे आधीच स्पष्ट केले होते. डॉ. सुशीला नय्यर आणि डॉ. गिल्डर त्यांच्याजवळ होते, कलकत्त्याहून डॉ. बिधनचंद्र रॉय आले होते. प्रकृतीवर रोज लक्ष ठेवले जात होते. सुमारे बाराव्या दिवशी अवस्था चिंताजनक झाली, तेव्हा पाण्यात मोसंबीचा रस मिसळण्यात आला. ३ मार्च रोजी कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन उपवास सुटला. आयुष्यभर उपवासाचे प्रयोग केलेल्या माणसाच्या उशाशीही इतके डॉक्टर होते आणि ठरलेल्या नियमाला वेळेवर मुरड घालण्याची तयारी होती. मोबाइलवरचा तक्ता यांपैकी काहीच देत नाही.

आत काय घडते?

दिवसाला आठशे कॅलरी किंवा त्याहून कमी देणाऱ्या आहाराला वैद्यकात अतिअल्प कॅलरींचा आहार म्हणतात. तुलनेसाठी, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या भारतीय स्त्रीला दिवसाला सुमारे १,६६० कॅलरी लागतात. शेतात राबणाऱ्या स्त्रीची गरज त्याहून पुष्कळ अधिक असते.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात आणि हुरूप येतो. पण त्यातला मोठा वाटा पाण्याचा असतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर पाणी धरून ठेवते; ती साखर संपली की तिच्याबरोबरचे पाणीही जाते. त्यानंतर शरीर चरबी जाळू लागते, परंतु मेंदूला आणि रक्तपेशींना साखर लागतेच, आणि चरबीपासून ती पुरेशी बनत नाही. ती स्नायूंतील प्रथिने मोडून बनवावी लागते. हृदय हाही एक स्नायूच आहे. आहारात प्रथिने तुटपुंजी असली, तर दंड-मांड्यांबरोबर त्याचीही झीज होते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी झाले की त्याच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

ही शक्यता केवळ पुस्तकी नाही. १९७६ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट लिन यांचे ‘द लास्ट चान्स डाएट’ हे पुस्तक गाजले. जनावरांची कातडी आणि कूर्चा यांपासून मिळणाऱ्या निकृष्ट प्रथिनांच्या पातळ पेयावर महिनोन्‌महिने राहायचे, अशी ती पद्धत होती. अहिंसक आहाराच्या दृष्टीने ती त्याज्य आहेच, पण तिने माणसांचाही बळी घेतला. पुढच्या वर्षभरात अशा पेयांवर राहिलेल्या सुमारे साठ व्यक्तींच्या मृत्यूच्या नोंदी तेथील शासनाकडे आल्या. १९७९ साली त्यांतील सतरा मृत्यूंचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध झाला. मृतांत बहुतेक स्त्रिया होत्या, आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडून मृत्यू अचानक आला होता.

प्रत्येकाच्या बाबतीत इतके टोक गाठले जात नाही, परंतु लहान वाटणारी संकटेही कमी नाहीत. चरबी वेगाने वितळली की पित्तातील कोलेस्टेरॉल वाढते. जेवणात स्निग्ध पदार्थ नसल्यामुळे पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहते आणि खडे बनतात. आठवड्याला दीड किलोहून अधिक वजन उतरत असेल, तर ही जोखीम स्पष्टपणे वाढते. लग्नाच्या पंगतीत उजव्या बरगडीखाली उठणारी कळ कित्येकदा तीन महिन्यांपूर्वीच्या तक्त्याचे फळ असते. रक्तातील युरिक आम्ल वाढून सांधे सुजतात. पाळी अनियमित होते किंवा थांबते. दोन-तीन महिन्यांनी केस मूठ-मूठ गळतात. जानेवारी २०२५ मध्ये याच जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अचानक टक्कल पडण्याच्या घटनांनी सारे गाव धास्तावले होते. त्याचे कारण निराळे. पण तेव्हापासून केस गळाले की पाण्यावर आणि धान्यावर संशय जातो, रिकाम्या ताटावर जात नाही.

जैन आहारात यात आणखी एक भर पडते. कंदमुळे वर्ज्य, चातुर्मासात अनेक घरांत पालेभाज्याही बंद. दूध-दही, डाळी, कडधान्ये आणि धान्य भरपूर असतील, तर हा आहार उत्तम चालतो. परंतु ताटातील तीन चतुर्थांश भाग काढून घेतला, की लोह आणि फॉलिक आम्ल प्रथम तुटते. बी-१२ जीवनसत्त्व शाकाहारात जवळजवळ केवळ दुधातून येते. दूधही थांबवले, की तो उरलासुरला झराही आटतो.

पारण्याची शिकवण

उपाशी राहण्याइतकाच धोका उपास सोडण्यात असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर बंदिवासातून सुटलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या माणसांना भरपेट जेवण मिळाले आणि त्यानंतर काही जण दगावले, तेव्हा वैद्यकाला ही गोष्ट नीट उमगली. दीर्घ उपासानंतर एकदम गोडधोड किंवा भात-पोळी पोटात गेली, की इन्सुलिन उसळते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढून घेते. रक्तातील त्यांचे प्रमाण झपाट्याने घसरते. श्वास, स्नायू आणि हृदय तिन्ही संकटात येतात. पाच दिवसांहून अधिक काळ अगदी नगण्य खाणाऱ्यालाही ही जोखीम असते.

पारणे मोजक्या, हलक्या अन्नाने करावे आणि आहार टप्प्याटप्प्याने वाढवावा, हा घराघरांतील दंडक किती शहाणपणाचा आहे, हे येथे कळते. एकवीस दिवस काकडीवर काढून बाविसाव्या दिवशी हळदीच्या जेवणात शिरा-पुरीचे ताट घेणाऱ्या सुनेला हा दंडक कोणी सांगत नाही, कारण तिने व्रत केले आहे असे कोणालाच वाटत नाही.

मग हा आहार कोणासाठी?

अतिअल्प किंवा त्याच्या जवळपासचा आहार वैद्यकात निषिद्ध नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात, मधुमेहाचे निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या स्थूल रुग्णांना तीन ते पाच महिने सुमारे ८२५ ते ८५३ कॅलरींचा आहार देण्यात आला. वर्षअखेरीस त्यांपैकी ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता. फळ मोठे आहे, पण अटीही पाहाव्यात. प्रत्येक पेयात जीवनसत्त्वे आणि क्षार मोजून घातलेले होते. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या. नेहमीच्या अन्नाकडे परतण्यासाठी दोन ते आठ आठवड्यांचा टप्पा होता. प्रशिक्षित व्यक्ती सतत संपर्कात होती.

गोळ्यांचा मुद्दा प्रत्येक घराने लक्षात ठेवावा असा आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्याच प्रमाणात घेऊन जेवण पाव केले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना भोवळ येते. म्हणून औषध घेणाऱ्याने, मग ते वजनासाठी असो वा तपासाठी, आहारात मोठी कपात करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, वाढत्या वयाची मुले-मुली, वृद्ध आणि हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचे रुग्ण यांनी घरच्या घरी असा आहार धरूच नये. छातीत धडधड, भोवळ, पायांत गोळे, पोटात उजवीकडे कळ किंवा बोलण्यात गोंधळ जाणवल्यास ‘उद्या पाहू’ म्हणू नये. उंद्रीसारख्या गावातून रक्ततपासणीसाठी चिखली, खामगाव किंवा बुलढाणा गाठायचे असते. तो वेळ आधीच हिशेबात धरावा.

ऊनोदरी

मग वजन उतरवायचेच नाही का? अवश्य उतरवावे. वाढलेल्या पोटाबरोबर मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी घरात येतात. प्रश्न केवळ मापाचा आहे, आणि ते माप सहा बाह्य तपांतच सांगितलेले आहे. अनशनानंतरचे दुसरे तप म्हणजे ऊनोदरी, दिगंबर परंपरेत अवमौदर्य. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा आणि स्त्रीचा अठ्ठावीस घासांचा मानून त्यातून कमी खाणे, असे त्याचे स्वरूप आहे. एक घास कमी घेतला तरी ते ऊनोदरीच ठरते.

आजच्या आकड्यांत हे मांडणे कठीण नाही. राष्ट्रीय पोषण संस्था आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानते आणि वजन घटवण्याचा आहारही एक हजार कॅलरींच्या खाली नेऊ नये, असे सांगते. अर्ध्या किलोसाठी दिवसाला सुमारे पाचशे कॅलरींची तूट पुरते. ज्वारीची एक भाकरी कमी केली, की अडीचशेच्या आसपास वाचतात. तीन कप चहातील दोन-दोन चमचे साखर सोडली, की सव्वाशेच्या आसपास. फोडणीतले दोन लहान चमचे तेल कमी केले, की नव्वद. राहिलेली उणीव अर्ध्या तासाच्या चालण्याने भरून निघते. भाकरी कमी झाली तरी वरणाची वाटी दाट राहावी, ताक सुटू नये. शिवारातले सोयाबीन सारेच बाजारात न पाठवता थोडे भाजून भाकरीच्या पिठात दळून घ्यावे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम पाळणाऱ्या घरात रात्रीचे अवांतर खाणे मुळातच नसते. ही मोठी जमेची बाजू आहे.

या वेगाने त्या सुनेचे वजन दिराच्या लग्नापर्यंत दहा किलो उतरणार नाही, पाच-सहा उतरेल. परंतु त्यात चरबीचा वाटा अधिक असेल, केस जाग्यावर असतील, आणि पुढच्या पर्युषणात पुन्हा अठ्ठाई करावीशी वाटली, तर ती करण्याइतकी शक्ती अंगात शिल्लक असेल. सासूबाईंनीही ‘काही खात का नाहीस?’ एवढ्यावर न थांबता आणखी दोन प्रश्न विचारावेत : हे किती दिवस, आणि कोणाला विचारून? तपाला या दोन्ही प्रश्नांची उत्तरे असतात. ज्या उपाशीपणाला ती नसतात, तो त्याच दिवशी थांबवावा.