स्वस्त आणि चांगली डोंगरी सायकल

डोंगरवाटेवर चालणारी सायकल हवी, असा हट्ट हल्लीं पुष्कळ विद्यार्थी घरीं धरतात, आणि पालक तो आपल्या ऐपतीप्रमाणें पुरवितात. त्यांत वावगें असें कांहींच नाहीं. परंतु दुकानांतून जें वाहन घरीं येतें त्याविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं. जाड टायर, भडक रंग, पुढें स्प्रिंग आणि मागेंही स्प्रिंग, हा थाट पाहून मुलें दिपतात आणि वडीलही दिपतात. इतक्या बेताच्या किंमतींत एवढा सरंजाम साधला कसा, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं.

तो साधतो ब्रेक, चाकें आणि बेअरिंगें हलक्या प्रतीचीं घालून. शिवाय ती मागची स्वस्त स्प्रिंग दर पायडलागणिक वरखालीं होते आणि चढावर पायांचा जोर फुकट दवडते. याउलट ज्या सायकलीला स्प्रिंग केवळ पुढच्या चिमट्यांत असते आणि जिचा मागचा भाग ताठ असतो, तिला हार्डटेल म्हणतात. चढ, उतार, शेतवाट, पायवाट हें सर्व एकाच फेरीत ओलांडावयाचें असल्यास थोड्या पैशांत हिच्यासारखी दुसरी नाहीं.

या जातीच्या सायकलीचा जन्मच मुळीं अडगळींतून झाला आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत मरिन काउंटी म्हणून डोंगराळ भाग आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुणांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या आधींच्या, जाड टायरांच्या श्विन सायकली शोधून काढल्या, त्यांना गिअर आणि मोटारसायकलीच्या ब्रेकच्या मुठी लावल्या, आणि त्या डोंगरउतारावरून पिटाळण्यास आरंभ केला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं फेअरफॅक्स गांवाजवळ त्यांनीं पहिली शर्यत लावली; सुमारें दोन मैलांत तेराशें फूट उतार! हबमधला ब्रेक इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून जाई आणि हब खोलून नवें भरावें लागे. त्यावरूनच त्या वाटेस ‘रीपॅक’ हें नांव पडलें. जो ब्रीझ यानें खास या कामासाठीं फ्रेम घडविली ती १९७७ सालीं, आणि गॅरी फिशर व चार्ली केली यांनीं विक्रीचा धंदा काढला तो १९७९ सालीं. पुढें १९९६ सालीं अटलांटाच्या ऑलिंपिक सामन्यांत क्रॉस-कंट्री शर्यतीला स्थान मिळालें. म्हणजे दुकान मागाहून आलें. हातची जुळवणी आधीं.

तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नवे कोरे सुटे भाग एकेक करून आणल्यास सायकल तयार सायकलीपेक्षां महागच पडते, कारण कारखानदार ते घाऊक भावानें उचलतो आणि आपण किरकोळीनें. काटकसर साधते ती एक चांगली जुनी सायकल घेऊन, तिची फ्रेम ठेवून, झिजलेलें तेवढें बदलण्यांत. हातीं शंभर रुपये असतील तर त्यांतले पन्नासांहून अधिक या जुन्या सायकलीवर घालूं नयेत.

फ्रेम घेतांना रंगाकडे न पाहतां सांध्यांकडे पाहावें. हँडलाच्या नळीखालीं बोट फिरवावें. केसासारखी चीर लागली कीं सायकल तेथेंच सोडावी, विकणारा कितीही गोड बोलो. पोलादी फ्रेम गांवच्या कुशल वेल्डिंगवाल्याकडे सांधतां येते. ॲल्युमिनियमची तशी सांधूं नये. कारखान्यांत तिला दिलेला ताव त्या उष्णतेनें उतरतो. मापाविषयींही सांगावयाचें आहे. गणवेश वाढत्या अंगाचा शिवितात, त्याच हिशेबानें मुलाला मोठी फ्रेम घेण्याची चाल आहे, ती सोडावी. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभें राहिल्यावर वरची दांडी अंगाला लागतां कामा नये.

चिमट्याविषयींचें आमचें मत पुष्कळांस रुचणार नाहीं. चांगल्या चिमट्यांत हवा असते, आणि दबलेला चिमटा सावकाश परत यावा म्हणून तेलाचा रोध असतो. हलक्या चिमट्यांत नुसती स्प्रिंग. तो दगडावर आपटतांच उसळतो आणि सायकल नीट आंवरूं देत नाहीं, वर वजन अडीच किलोच्या घरांत. चांगला परवडत नसेल तर तितक्याच उंचीचा साधा पोलादी चिमटा लावावा. मग ती हार्डटेल उरलीच नाहीं असें कोणी म्हणेल. म्हणो बापडा.

पैसा खरा घालावा तो ब्रेक आणि टायर यांत, कारण मुलाचा जीव त्यांवर असतो. आपल्या घाटांत पावसाळ्यांत तांबड्या मातीचा राड रिमवर चढतो, आणि रिमला घासणारें रबर ऐन उतारावर पकड सोडतें. डिस्क चाकाच्या मध्याशीं, चिखलापासून बरीच वर असते. तारेनें ओढला जाणारा डिस्क ब्रेक तेलाच्या ब्रेकइतका हलक्या हाताचा नसतो खरा, पण तार तुटली तर ती खेड्यांतही बदलतां येते. फ्रेमला आणि हबांना डिस्कची सोय आहे कीं नाहीं, हें मात्र विकत घेण्यापूर्वींच पाहावें. टायर सव्वादोन इंच रुंदीचे घ्यावे, आणि पंपवाल्याला हवा ठोकून भरूं देऊं नये. शाळकरी मुलाच्या वजनाला तीस पौंडांच्या आसपास हवा पुरते. टणक टायर दगडावर उड्या मारतो, मऊ टायर दगड धरतो.

एकवीस गिअरांचा दुकानदार जो बडेजाव सांगतो, त्यांतले पुष्कळ एकमेकांची पुनरुक्तीच असतात. पुढें बत्तीस दांत्यांचें एकच चक्र आणि मागें अकरापासून बेचाळीस दांत्यांपर्यंत चक्रें असलीं कीं काम भागतें. चढावर पायडलाच्या एका फेऱ्यांत चाक पाऊण फेऱ्याहून किंचित अधिक फिरतें. जुनी साखळी फूटपट्टीनें पारखावी. नवीचे चोवीस दुवे बरोबर बारा इंच भरतात. त्यावर एक षोडशांश इंच वाढ दिसली कीं ती बदलावी, नाहींतर ती आपल्याहून महाग चक्रांचे दांते खाते.

जुळवणी मुलानें करावी आणि पालकांनीं शेजारीं बसावें. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हें ठाऊक नसल्यामुळें भलताच जोर करून आटे मारल्याचीं उदाहरणें गल्लोगल्लीं आहेत. ब्रेक बसविल्यावर एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून ते तपासून घ्यावे. येथें मुलाच्या आत्मविश्वासावर विसंबूं नये. नव्या तारा पहिल्या कांहीं दिवसांत बसतात आणि ब्रेक ढिले पडतात, म्हणून ते पुन्हां ताणावे लागतात. एकूण हें काम आठ-दहा दिवसांचें आहे; तें सहामाही परीक्षेच्या तोंडावर न काढतां दिवाळीच्या सुटींत काढावें.