सिनेमाच्या नावाचे ठोकळे : घ्यावेत की न घ्यावेत?

एखादा सिनेमा गाजला की त्याच्या मागोमाग त्याच्या चित्राचे दप्तर येते, कंपास येते, पाण्याची बाटली येते. आता त्यात ठोकळ्यांच्या डब्याची भर पडली आहे. मुले जाहिरात पाहतात, शाळेतल्या मित्राकडे पाहतात आणि घरी येऊन हट्ट धरतात. हट्ट पुरवावा तर महिन्याचा हिशेब कोलमडतो, न पुरवावा तर पोर हिरमुसते. अशा वेळी आईबापांनी काय पाहून ठरवावे, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या ठोकळ्यांचे मूळ डेन्मार्क देशात आहे. बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्तियान्सेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. पुढे त्याच्या कारखान्याला ‘लेगो’ हे नाव पडले. डॅनिश भाषेत ‘लेग गोत’ म्हणजे ‘छान खेळा’, त्यावरून ते आले. वरून बटणासारखे उंचवटे आणि आतून नळ्या असलेल्या आजच्या ठोकळ्याचे पेटंट १९५८ सालचे आहे. त्या साली केलेला ठोकळा आजच्या ठोकळ्यात बरोबर बसतो. आठ उंचवट्यांचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले तर ते ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात. या खेळण्याची खरी किंमत इथे आहे. एकदा घेतले की मोडायचे, पुन्हा जोडायचे आणि धाकट्या भावंडाच्या हाती द्यायचे.

सिनेमाचे नाव या ठोकळ्यांना चिकटले ते १९९९ साली. त्या साली ‘स्टार वॉर्स’चे डबे निघाले आणि २००१ साली ‘हॅरी पॉटर’चे. सिनेमावाल्यांचे नाव वापरायचे तर त्यांना मोबदला द्यावा लागतो, आणि तो शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातो. दुसरे असे की सिनेमाची हवा ओसरली की मुलांची हौसही ओसरते. २००३ साली या दोन्हींपैकी एकही नवा सिनेमा आला नाही आणि त्या वर्षी लेगो कंपनी मोठ्या तोट्यात गेली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे सोसले नाही, त्याचा भरवसा आपल्या घरखर्चाने का धरावा?

आता एक उदाहरण घेऊ. ‘अप’ नावाचा कार्टून सिनेमा २००९ साली आला. त्यातल्या घराचा डबा लेगोने २०२३ साली काढला. त्यात ५९८ तुकडे आहेत. रंगीत घर, त्यावर फुग्यांचा झुपका, म्हातारेबुवा कार्ल, पोरगा रसेल आणि डग नावाचा कुत्रा. निघाला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत जवळजवळ ६० डॉलर होती. म्हणजे एका तुकड्याला १० सेंट पडले. याच कंपनीचा बिनसिनेमाचा, साध्या ठोकळ्यांचा एक डबा २०१५ सालापासून आहे. त्यात ४८४ तुकडे, आणि निघाला तेव्हाची किंमत ३५ डॉलर. म्हणजे तुकड्याला सुमारे ७ सेंट. ६० डॉलरमध्ये साधे ठोकळे आठशेच्या वर आले असते. आपल्याकडे तर परदेशी खेळण्यांवरचे आयात शुल्क सरकारने २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के केले. त्यामुळे हा फरक रुपयात आणखी टोचतो.

मग हा डबा टाकाऊ आहे काय? तसे आम्ही म्हणणार नाही. हे घर आहे. घर मोडले की भिंतींचे, छपराचे, खिडक्यांचे तुकडे उरतात, आणि त्यातून पोर दुकान बांधील, शाळा बांधील. डब्याची परीक्षा हीच. पहिल्यांदा जे बनते त्याकडे पाहू नका, ते मोडल्यावर दुसरे काय बनेल ते पाहा. ज्या डब्यात त्या एकाच विमानाचे किंवा गाडीचे खास आकाराचे तुकडे आणि चिकटवायची चित्रे जास्त, तो एकदा जोडून फळीवर ठेवायचा शोभेचा माल होतो. ‘स्टार वॉर्स’चे एक विमान २०१७ साली निघाले. ७,५४१ तुकडे आणि ८०० डॉलर. तो मोठ्या माणसांच्या शोकेसचा शौक आहे, पोरांचा खेळ नव्हे.

घेताना आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, तुकड्यांच्या आकड्याला भुलू नये. नखाएवढे बारीक तुकडे भरूनही आकडा फुगतो, म्हणून डबा हातात घेऊन वजन पाहावे. दुसरी, मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे. तसले ठोकळे इतरांनी करायला हरकत नाही, हे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आणि युरोपच्या न्यायालयाने २०१० साली मान्य केले. म्हणून स्वस्तातले दुसऱ्या कंपनीचे ठोकळे म्हणजे चोरीचा माल, असे समजून लाजू नये. मात्र ठोकळा घट्ट बसतो का आणि सहज सुटतो का, ते पाहावे. तिसरी, आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. शिक्का नसेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नये. आणि घरात तीन वर्षांखालचे मूल असेल तर बारीक तुकडे त्याच्या तोंडात जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

गंमत अशी की त्या ‘अप’ सिनेमातच आपल्या घरची गोष्ट आहे. कार्ल आणि त्याची बायको एली लांबच्या प्रवासासाठी बरणीत नाणी साठवतात. पण कधी गाडीचे चाक फुटते, कधी पाय मोडतो, कधी छपरावर झाड पडते, आणि दर वेळी बरणी फोडावी लागते. आमच्या माताभगिनींना हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आमचे मत विचाराल तर पहिला डबा साध्या ठोकळ्यांचा घ्यावा. जुना, पण धड असलेला मिळाला तरी चालेल. सहा महिने पोर त्यात रमले, मनाने नवे काही बांधू लागले, तर बोनसच्या वेळी किंवा वार्षिक परीक्षेनंतर सिनेमाचा एखादा लहान डबा खुशाल आणावा. तो पैसा वाया जाणार नाही. पण उसनवारी करून किंवा हप्त्याने खेळणे आणू नये.

आणि पोराला नुसते ‘आपल्याला परवडत नाही’ म्हणून गप्प बसवू नये. त्याने पोर खट्टू होते, शिकत काही नाही. त्याला कागद-पेन्सिल द्या, किमतीला तुकड्यांनी भागायला सांगा आणि दोन डब्यांचा हिशेब त्यालाच मांडू द्या. मग कोणता डबा घ्यायचा आणि केव्हा घ्यायचा, ते त्याच्याशी बसून ठरवा.