दोन बेसिन आणि एक वसई : जुन्या-नव्या वृत्तपत्रांत वसई-विरार कसे शोधावे?

१/
जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांच्या एखाद्या डिजिटल संग्रहात ‘कॅप्चर ऑफ बेसिन’ असे शोधले, तर दोन निरनिराळी युद्धे हाती लागतात. पहिले डिसेंबर १७८० मधले. जनरल गॉडर्डच्या फौजेने मराठ्यांकडून वसईचा किल्ला घेतला, ते. दुसरे मे १८५२ मधले. त्यातले बेसिन ब्रह्मदेशात इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेले, आज पाथेन म्हणून ओळखले जाणारे बंदर आहे. शोधयंत्राला हा भेद कळत नाही. अभ्यासकालाही कळला नाही, तर ब्रह्मदेशातल्या तांदळाचे भाव वसईच्या खात्यावर जमा होतात.

२/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गोंधळात तिसरे बेसिन येते : अरबी समुद्रातले तेल-वायू क्षेत्र. त्यामुळे स्वातंत्र्योत्तर काळातील इंग्रजी वृत्तपत्रांत ‘बेसिन’ शोधणाऱ्यापुढे किल्ल्याऐवजी वायुवाहिन्या येतात. शोधाच्या वेळी नावासोबत ‘ठाणा’, ‘सालसेत’, ‘फोर्ट’, ‘पेशवा’ असा एखादा शब्द जोडला की बराच कचरा गळून पडतो.

३/
नावांचा हा खेळ जितका त्रासदायक, तितकाच उद्बोधक आहे. पोर्तुगीज कागदांतील ‘बासाईं’, मराठी अमलातील ‘बाजीपूर’, इंग्रजांचे ‘बेसिन’ आणि लोकांच्या तोंडची ‘वसई’ : ज्याची सत्ता, त्याचे स्पेलिंग. आजही ‘बेसिन कॅथॉलिक’ या नावाची १९१८ मध्ये स्थापन झालेली सहकारी बँक वसईतच आहे.

‘पालघर जिल्हा’ असे शोधणाऱ्याला १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचे काहीही सापडणार नाही, कारण जिल्हाच त्या दिवशी जन्मला. त्याआधीची वसई ठाणे जिल्ह्यात आहे. आजचा पालघर तालुका तर १८८२ च्या गॅझेटियरमध्ये ‘माहीम’ या नावाने येतो. तो माहीम केळव्याशेजारचा, मुंबईतला नव्हे.

४/
आता थोडे अप्रिय. १७३९ च्या वसई मोहिमेची ‘वर्तमानपत्रातली बातमी’ म्हणून अधूनमधून काही चित्रे समाजमाध्यमांवर फिरतात. हिंदुस्थानातले पहिले वृत्तपत्र, हिकीचे ‘बेंगॉल गॅझेट’, २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात निघाले. चिमाजी अप्पांच्या विजयानंतर चार दशकांनी. त्यामुळे त्या मोहिमेसाठी पत्रे, दप्तरे, बखरी आणि पोर्तुगीज कागद यांच्याकडेच जावे लागते. येथील वृत्तपत्रात ती असणे शक्यच नाही.

५/
३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाची गोष्ट अधिक बोचरी. दुसऱ्या बाजीरावाने सही केली तेव्हा मुंबईत इंग्रजी वृत्तपत्रे निघत होती. मराठी एकही नव्हते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ उजाडले ते ६ जानेवारी १८३२ रोजी, पेशवाई बुडून १४ वर्षे झाल्यावर. मराठी वृत्तपत्राने मराठी राज्य पाहिलेच नाही. तहाविषयीचे छापील मत हे जिंकणाऱ्याचे मत आहे, एवढे ध्यानात ठेवून ते वाचावे.

६/
‘दर्पण’नंतर मात्र दालन भरू लागते. भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’ (१८४१), अहमदनगरचा ‘ज्ञानोदय’ (१८४२), पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ (१८४९), मुंबईचा ‘इंदुप्रकाश’ (१८६२), पुढे १८८१ चा ‘केसरी’. वसईसाठी यांहून जवळचे पत्र म्हणजे ठाण्याचे ‘अरुणोदय’. पुण्या-मुंबईच्या पत्रांना वसई आठवते ती किल्ल्यासाठी. रस्ता, पाणी, मामलेदार, जंगलखात्याचा जाच या गोष्टी जिल्ह्याच्या पत्रात शोधाव्यात.

७/
भाषेची भिंतही ओलांडावी लागते. १८२२ मध्ये सुरू झालेले गुजराती ‘मुंबई समाचार’ आजही निघते. वसईचा व्यापार आणि बंदरे समजून घेणाऱ्याने गुजराती लिपीला घाबरून चालायचे नाही. मुंबईचे कॅथॉलिक साप्ताहिक ‘एक्झामिनर’ १८५० पासूनचे आहे. वसईच्या ख्रिस्ती गावांचा माग घेताना ते वगळणे म्हणजे अर्धा तालुका वगळणे. हौशी इतिहासलेखनात हे फार घडते. किल्ला सर्वांना हवा असतो, किल्ल्याभोवतीची माणसे नको असतात.

८/
मूळ अंक नष्ट झाले असतील तर? येथे ब्रिटिश सरकारचा संशयी स्वभाव उपयोगी पडतो. देशी पत्रे काय लिहितात यावर नजर ठेवण्यासाठी १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबई सरकार दर आठवड्याला त्यांतील मजकुराचे इंग्रजी सारांश गोपनीय म्हणून छापून घेई. ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ या नावाने ते ओळखले जातात. ज्या पत्राचा आज एकही अंक मिळत नाही, त्याची चार वाक्ये या अहवालांत जिवंत असतात.

९/
परंतु या अहवालांवर आज जेवढा भार टाकला जातो, तेवढा तो त्यांना पेलत नाही. काय निवडायचे हे सरकारी भाषांतरकार ठरवी आणि त्याची नजर राजद्रोह व असंतोष हुडकत असे. संपादकाचा उपरोध भाषांतरात सरळ तक्रार बनून येई. ज्यात सरकारला रस नव्हता, ते सारांशात आलेच नाही. हे अहवाल सूची म्हणून अमोल, साक्षीदार म्हणून दुय्यम. त्यांतून पत्राचे नाव आणि तारीख उचलावी, मग मूळ अंकाच्या मागे लागावे. मूळ मिळालाच नाही तर ‘सरकारी सारांशानुसार’ असे लिहावे. ‘अरुणोदयने लिहिले’ असे लिहू नये. मराठी माणसाने मराठी पत्राचे मत इंग्रजीतून वाचून पुन्हा मराठीत आणायचे, यात दोनदा गळती होते.

१०/
हे सारे कोठे पाहायचे? वसईहून चर्चगेट गाठले की अर्धे काम फोर्टात आहे. टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी, त्याच परिसरात राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत महाराष्ट्र पुराभिलेखागार. एशियाटिकने आपल्या संग्रहाचा काही भाग ‘ग्रंथ संजीवनी’ या संकेतस्थळावर आणला आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. दोन्हीकडे जुनी नियतकालिके आहेत.

११/
एशियाटिकचे वसई-विरारशी नाते आणखी एका कारणाने जुने आहे. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा ‘बुरुड राजाचा कोट’ उकरला, तो स्तूप निघाला, आणि त्यातील दगडी पेटी व करंडक याच संस्थेत आले. तेथे बसून १८८२ च्या वसंतातले अंक चाळणाऱ्याला बातमी आणि बातमीतली वस्तू एकाच इमारतीत भेटू शकते. अशी सोय फार थोड्या गावांच्या नशिबी असते.

१२/
दुसरा अर्धा भाग परदेशात आहे. शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजने दक्षिण आशियातील वृत्तपत्रांचे मायक्रोफिल्म दशकानुदशके जमवले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय १९६२ पासून येथील पत्रे गोळा करते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचा साठा सर्वज्ञात आहे. यावर ‘आमचा ठेवा पळवला’ अशी ओरड करणे सोपे आहे. मायक्रोफिल्मच्या बाबतीत ती खरी नाही. आपण रद्दीत घातले, त्याचे त्यांनी छायाचित्र काढून ठेवले.

१३/
जुन्या अंकांबाबत दोन व्यावहारिक गोष्टी. एकोणिसाव्या शतकातील मराठी पत्रांत शके आणि तिथी भेटते. ती इंग्रजी तारखेत बदलताना महिना चुकला तर सारा युक्तिवाद कोसळतो. शिवाय जुने टाइप आणि जुने अनुस्वार यंत्राला नीट वाचता येत नाहीत. ‘शोधले, सापडले नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘यंत्राला वाचता आले नाही’ एवढाच असतो. पाने उलटण्याला पर्याय नाही.

१४/
आणि आता मूळ मुद्दा. १८८२ ची वसई शोधणे एकवेळ जमेल. १९९० ची वसई शोधणे अधिक अवघड होत चालले आहे.

१५/
१९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडको नियोजन प्राधिकरण झाली. त्याच्या आगेमागे हरित वसईचे आंदोलन पेटले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचा चेहरा होते आणि १९८३ पासून ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादकही होते. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली, आणि गावे वगळण्याचा लढा उभा राहिला. मुंबईच्या दैनिकांत या साऱ्याच्या बातम्या आहेत. पण गावातली सभा, तिथला वाद, कोण कोणाच्या विरोधात बोलले, हा तपशील स्थानिक साप्ताहिकांत, ‘सुवार्ता’सारख्या मासिकांत आणि दैनिकांच्या वसई-विरार पुरवण्यांत आहे.

१६/
त्याच पानांवर तळाशी बारीक टाइपात ‘जाहीर नोटीस’ असते. अमुक गाव, अमुक सर्व्हे नंबर, हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावे. वाचक ती ओलांडून पुढे जातो. मात्र केळीच्या बागा आणि पानवेली कोणत्या वर्षी, कोणत्या गावात, किती वेगाने इमारतींखाली गेल्या, याचा सर्वांत नेटका छापील पुरावा याच नोटिसांत आहे. शंभर वर्षांनंतरचा इतिहासकार अग्रलेखांआधी त्या वाचील.

१७/
वृत्तपत्रे सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याचा कायदा आहे. १९५४ च्या कायद्यात १९५६ साली वृत्तपत्रांचा समावेश झाला. पण प्रती जायच्या त्या कोलकाता, मुंबई, चेन्नई, दिल्ली येथे. वसईतल्या चार पानी साप्ताहिकाचा संपादक स्वतः अंक काढतो, स्वतः वाटतो. तो हे सातत्याने करील अशी अपेक्षा कागदावरच राहते. मोठ्या दैनिकांच्या बाबतीतही संग्रहात बहुधा मुख्य आवृत्ती जाते, पुरवणी निसटते. ई-पेपरवर भरवसा ठेवावा, तर अनेक ठिकाणी काही महिन्यांमागचे पान उघडतच नाही.

१८/
म्हणून स्थानिक पत्रांच्या फाइली वसईतच एका ठिकाणी जमवणे हे महानगरपालिकेचे काम आहे. स्वतःच्या जन्माची छापील कागदपत्रे सांभाळण्याइतकी तिची ऐपत नक्कीच आहे. ती करत नसेल तोवर महाविद्यालयांची ग्रंथालये आणि इतिहासप्रेमी तरुण सुरुवात करू शकतात : कोणत्या घरी कोणत्या साप्ताहिकाच्या कोणत्या वर्षांच्या फाइली आहेत, एवढी साधी यादी. कात्रणे न कापता पूर्ण पान टिपावे. पत्राचे नाव, तारीख, आवृत्ती आणि पृष्ठक्रमांक त्याच चित्रात यावा. नोटिसांचे पान गाळू नये.

१९/
यादीची सुरुवात १९८० आणि १९९० च्या दशकांपासून करावी. त्या काळातल्या स्वस्त कागदाचा आज पापड झाला आहे, माळ्यावरच्या दमट हवेत त्याला कसर लागते, आणि जुने घर पाडून इमारत बांधायला देताना सर्वांत आधी माळाच रिकामा होतो.