आधी आली ती कंपनी

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी बघते. जानेवारी-फेब्रुवारीत एचआरवाल्यांसोबत मेकॅनिकलची मुलं निवडायला कॉलेजांत जाते. तिथले प्लेसमेंट ऑफिसर छाती फुगवून सांगतात, "मॅडम, आमची टॉपची मुलं ऑगस्टमध्येच प्लेस झाली." म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये. उरलेल्यांतून आम्ही निवडायचं.

त्या टॉपच्या मुलांना मेकॅनिकल नको होतं, असं नाही. पण बऱ्याच कॉलेजांत 'एक विद्यार्थी, एक नोकरी' असा नियम असतो. पहिली ऑफर हातात पडली की पुढच्या ड्राइव्हला बसायचं नाही. फार तर भल्या मोठ्या पगाराच्या 'ड्रीम' कंपनीचा अपवाद. घाऊक भरती करणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्या सातव्या सेमिस्टरच्या तोंडावरच येतात. आमच्यासारख्यांना पुढच्या वर्षीच्या ऑर्डरी नक्की झाल्याशिवाय किती जण घ्यायचे ते कळत नाही, म्हणून आम्ही मागून. मग हुशार मुलाचं पुढचं सगळं ठरतं ते कोणाची गाडी कॉलेजच्या फाटकातून आधी आत आली, यावर.

एकानं चार ऑफरी अडवल्या तर मागचा उपाशी राहतो, हे मान्य. पण आपल्या शाखेतल्या कंपनीसाठी एक जादा संधी द्या आणि ती नोकरी मिळाली तर पहिली त्याच दिवशी सोडायची अट घाला. पहिली कंपनी रुसेल, अशी भीती घालतात. २०२२ नंतर ऑफर दिलेल्या कितीतरी मुलांना आयटी कंपन्यांनी जॉइनिंगसाठी महिनोन् महिने ताटकळत ठेवलं, तेव्हा कोणतं कॉलेज रुसल्याचं माझ्या कानावर नाही.

आमच्या पगाराचा आकडा लहान आहे, लपवत नाही. मात्र पॅकेजचे आकडे सोलून बघा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्यात असतो, आणि एरवी पाच वर्षं टिकल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटीही पुष्कळदा त्यातच धरलेली असते.

गेल्या हंगामात एका मुलीनं पगाराआधी विचारलं, "पहिले सहा महिने मी कोणाच्या हाताखाली असेन?" असा प्रश्न क्वचितच येतो. मी सांगितलं, आधी लाल पेटीशी. रिजेक्ट झालेला माल त्या पेटीत जातो. ॲल्युमिनियमच्या कास्टिंगच्या पोटातलं छिद्र बाहेरून दिसत नाही. बोअर मारून झाला की ते उघडं पडतं, आणि तोवर त्या पीसवर मशिनिंगचा खर्च होऊन बसलेला असतो. दोष साच्याचा, धातूच्या तापमानाचा की प्रेशरचा, हे तिथे उभं राहून, तिसऱ्या पाळीच्या ऑपरेटरशी भांडून कळतं. तिशीनंतर कोणी ते शिकवत बसत नाही.

ज्यांना पुढे शिकायचंय त्यांनी गेट तिसऱ्या वर्षीच द्यावी. २०२१ पासून तशी मुभा आहे आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे कॅम्पसच्या धांदलीत शिरताना निकाल हातात असतो. पहिल्या ऑफरला नाही म्हणायला तेवढा आधार पुरतो.

बाकी तो नियम कॉलेजांनी आपापल्या सोयीनं केलेला आहे. तो बदलायला मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत, ऑगस्टच्या आत प्राचार्यांनी बोलावलेली एक बैठक पुरे.