न धावलेली गाडी

जुनी मोटारगाडी विकत घेणारा प्रथम काय पाहतो? ती किती किलोमीटर धावली ते. जितकी कमी धावलेली तितकी ती चांगली, असा आपला हिशेब असतो. पण हा हिशेब किती ताणावा, याचा आज विचार करू.

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने ‘जीटी-४०’ नावाची शर्यतीची गाडी बांधली. जमिनीपासून छतापर्यंत तिची उंची सुमारे ४० इंच, म्हणून नावात ४०. फ्रान्समधील ल माँ येथे चोवीस तासांची प्रसिद्ध शर्यत होते. १९६६ साली पहिले तिन्ही क्रमांक या गाड्यांनी पटकावले आणि १९६९ पर्यंत सलग चार वर्षे जिंकून दाखवले. त्यांतही १९६८ व १९६९ या दोन्ही वर्षी जिंकली ती एकच गाडी! पहिल्या खेपेस चोवीस तासांत ती सुमारे ४,४५० किलोमीटर धावली, दुसऱ्या खेपेस जवळजवळ ५,०००.

पुढे त्याच घडणीची आठवण म्हणून कंपनीने २००५ व २००६ या वर्षांसाठी ‘फोर्ड जीटी’ ही नवी गाडी काढली. शक्ती ५५० अश्वशक्ती, कमाल वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर. ताशी ६० किलोमीटरच्या हा साडेपाच पट वेग. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती तीस पट! अशा गाड्या चार हजारांच्या थोड्या वर निघाल्या. त्यांतील काही आजही जवळजवळ न धावलेल्या आहेत, आणि लिलावात त्यांना मूळ किमतीच्या दुपटीहूनही अधिक दाम मिळतो. आजोबा दोन दिवसांत साडेनऊ हजार किलोमीटर धावले. नातू वीस वर्षे घरात बसून आहे, आणि मोल मात्र त्याच्या बसण्याचे!

न धावलेली गाडी म्हणजे कोरी गाडी, असे आपण समजतो. पदार्थविज्ञान व रसायन तसे म्हणत नाहीत. उभ्या गाडीच्या बॅटरीतील विद्युत्भार आपोआप उतरतो आणि शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात. टायरचे रबर ऑक्सिजन व ओझोनमुळे कडक होते, त्याला चिरा पडतात. पेट्रोलमधील चटकन उडणारी द्रव्ये निघून जातात, मागे चिकट साका उरतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते व त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. घर्षणाने झीज होते हे खरे. पण घर्षण थांबले म्हणून काळ थांबत नाही.

कोणी म्हणेल, एखादा नमुना जपून ठेवायला नको काय? अवश्य हवा. पॅरिसजवळ १८८९ पासून प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल कड्याकुलुपात ठेवला होता. २०१९ पर्यंत तोच जगाचा किलोग्रॅम होता. न हाताळणे हाच त्याचा उपयोग. तरीसुद्धा शतकभरात तो आणि त्याच्या प्रतिकृती यांच्या वस्तुमानांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला आढळलाच! पण तसा नमुना एखादाच पुरतो. प्रत्येक यंत्र नमुना होऊन बसले, तर काम कोणी करावयाचे?

ही गोष्ट श्रीमंतांच्या गाड्यांपुरती असती तर मी लेखणी उचलली नसती. दरवर्षी महाविद्यालयात नव्याने आलेल्या मुलांना मी विचारतो, “सूक्ष्मदर्शकाला स्वतः हात कोणी लावला आहे?” फार थोडे हात वर होतात. “शाळेत होता सर, पण कपाटात,” असे उत्तर येते. फुटेल, बिघडेल या भीतीने तो कुलुपात राहतो. तिथे भिंगांवर बुरशी चढते, स्क्रू गंजून घट्ट बसतात, आणि दहा वर्षांनी तो ‘नवा’ सूक्ष्मदर्शक निकामी म्हणून काढून टाकला जातो. एकाही मुलाने त्यातून कांद्याची पेशी पाहिलेली नसते.

माझे मत स्पष्ट आहे. हाताळताना एखादी काच फुटली तर ती शिक्षणाची किंमत समजावी. न हाताळता गंजली तर तो शुद्ध तोटा. तेव्हा मित्रहो, उद्या शाळेत गेलात की आपल्या सरांना किंवा बाईंना नम्रपणे विचारा, “ते कपाट एकदा उघडाल का?”