वर्गातली हवा कोणाच्या अखत्यारीत?

शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला. त्याला जोडलेल्या अनुसूचीत शाळेची इमारत कशी असावी, याची यादी आहे. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलगे आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, आहार शिजवायला स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. ही यादी कितीही वेळा वाचा, वर्गातल्या हवेबद्दल त्यात एक शब्दही सापडत नाही.

मग हवेच्या कायद्यात काही असेल म्हणावे, तर तिथेही निराशाच. १९८१ चा वायुप्रदूषण कायदा बाहेरच्या वातावरणाबद्दल बोलतो. २००९ साली ठरलेल्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषकांच्या मर्यादा आहेत. पीएम २.५ या सूक्ष्म धुळीची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. पण हे सगळे मोजायचे बाहेर. मूल शाळेत पाच-सहा तास बसते ते चार भिंतींच्या आत, आणि कायदा दाराबाहेर थांबतो.

याचा अर्थ काय होतो ते पेण आणि रोह्यात पाहा. पेण गणपतीच्या मूर्तींचे गाव. तिथे कारखान्यांत प्लास्टरची भुकटी आणि रंगाचा फवारा आहे. तालुक्यातून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून रखडलेले, त्याची धूळ वेगळीच. रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत आहे, रासायनिक कारखान्यांची. अशा ठिकाणच्या शाळेत धूळ आणि वास आत नको म्हणून शिक्षक खिडक्या लावून घेतात. जूनमध्ये शाळा सुरू होते आणि पाऊसही. मग झड आत येते म्हणून पुन्हा खिडक्या बंद.

बंद खोलीत ४० मुले बसली की पाव-अर्ध्या तासात कर्बवायू बाहेरच्या दुप्पट-तिप्पट होतो. मुले पेंगतात, डोके दुखते, एकाचा खोकला दहा जणांना लागतो. त्यात ओलीची बुरशी, खडूची भुकटी, आणि आहार चुलीवर शिजत असेल तर धूर. खिडकी उघडली तर धूळ, लावली तर घुसमट. या कात्रीत शिक्षकाला सोडून आपण त्यालाच विचारतो, मुलांचे लक्ष का लागत नाही?

उपाय अवघड नाहीत. खिडकीवर पुरेसा छज्जा, भिंतीत वर झरोके, धुळीच्या बाजूला झाडे, हवा बाहेर फेकणारा पंखा, स्वयंपाकाला गॅस. राष्ट्रीय बांधकाम संहिता दमट-उष्ण हवामानात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश उघडी जागा असावी असे सांगते. कोकण याहून दमट ते काय असणार! पण ती संहिता ही शिफारस आहे. शिफारशीला निधी मिळत नाही आणि ती मोडली म्हणून कोणी जाब विचारत नाही.

म्हणून कायदा हवा. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २० नुसार केंद्र सरकार नुसत्या अधिसूचनेने अनुसूचीत भर घालू शकते. शिक्षण समवर्ती सूचीत असल्याने राज्यही कायदा करू शकते. फ्रान्सने २०१८ पासून बालवाड्या आणि प्राथमिक शाळांत हवेची देखरेख सक्तीची केली. आपणही वर्षातून दोनदा, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात, प्रत्येक शाळेत मोजणी करावी, आकडे फलकावर लावावेत आणि दुरुस्तीचा खर्च सरकारने द्यावा. खर्चाची तरतूद नसलेला कायदा म्हणजे मुख्याध्यापकाच्या गळ्यात आणखी एक नोटीस.

“छपरे गळतात, शिक्षक नाहीत, आणि तुम्हाला हवेचे पडले आहे,” असे म्हणणारे भेटतील. गळके छप्पर आणि बुरशी हा एकच प्रश्न आहे, दोन नव्हेत. आणि जे यादीत असते त्याचीच तपासणीत विचारणा होते. स्वच्छतागृह यादीत आहे म्हणून त्याबद्दल पालक भांडू शकतात. हवेसाठी कशाच्या आधारावर भांडायचे?

आता आपल्या लोकांसाठी. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा शिक्षणहक्क कायद्यात येतात. पण २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे त्यातून वगळले गेले आणि २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळाही. म्हणजे फक्त ती अनुसूची सुधारली तर आपल्या ट्रस्टच्या शाळेतले आणि मशिदीच्या खोलीत दाटीवाटीने बसणारे मकतबचे मूल बाहेरच राहील. म्हणून राज्याचा कायदा वेगळा हवा, मूल बसते त्या प्रत्येक वर्गाला लागू होणारा.

लगेच कलम ३० ची ढाल पुढे केली जाईल. कलम ३० संस्था चालवण्याचा हक्क देते. गैरकारभाराचा हक्क त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच केरळ शिक्षण विधेयकाच्या वेळी सांगितले आहे. मुलांच्या आरोग्याचा नियम हा धर्मातला हस्तक्षेप नव्हे. सच्चर समितीचा अहवाल हातात धरून सरकारकडे हक्क मागणाऱ्या समाजाने आपल्याच मुलांच्या बाबतीत नियमाला नाही म्हणू नये.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. पेण-रोह्याच्या पालकांनी पुढच्या बैठकीत एवढा ठराव करावा: वर्गातली हवा मोजा. ट्रस्टींनी कायद्याची वाट न पाहता तोच ठराव आपल्या शाळेत करावा. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारावे, या कायद्याबद्दल विधानसभेत बोलणार की नाही?